कर्सर हरवतो कोठे?
(ब्राउझर चालविताना येणाऱ्या कळफलकाच्या व कर्सरच्या अडचणी आणि त्यांचे निवारण)

प्रास्ताविक

शाळेचे दप्तर पूर्वी लाकडी कपाटात असे. आज त्यातील पुष्कळसा भाग संगणकाच्या पडद्यावर आलेला आहे. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, इयत्ता, शिष्यवृत्तीचा अर्ज, यू-डायस प्लसची वार्षिक माहिती हे सर्व ब्राउझरमधून भरावे लागते. आणि एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेत हे काम अध्यापन सांभाळून शिक्षकालाच करावे लागते. अशा वेळी मधेच कर्सर दिसेनासा होतो, बाणांच्या कळा दाबूनही पान हलत नाही, किंवा लिहीत असता अक्षरे भलत्याच ओळीत उमटू लागतात. शिक्षक हवालदिल होतो, ‘संगणक बिघडला’ असा निष्कर्ष काढतो आणि यंत्र तालुक्याच्या गावी पाठविण्याची तयारी करतो.

वस्तुतः अशा प्रसंगांपैकी बहुतेकांत यंत्र बिघडलेले नसते. ते आज्ञा पाळीत असते; मात्र आज्ञा ज्या ठिकाणी पोहोचावी असे शिक्षकाला वाटते, त्या ठिकाणी न पोहोचता ती दुसरीकडे पोहोचत असते. यास्तव कळफलकाची अडचण आली असता पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसून ‘या क्षणी संगणकाचे लक्ष कोठे आहे?’ हा होय. हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर पुढील सर्व निवारण सोपे होते.

हेतू

प्रस्तुत अभ्यासाचे हेतू तीन आहेत : (१) पडद्यावरील तीन प्रकारच्या खुणांमधील भेद ओळखता येणे, (२) नित्याच्या अडचणींची लक्षणे, कारणे व उपाय क्रमाने तपासता येणे, (३) माउस न वापरता ब्राउझर चालविण्याचे कौशल्य वर्गात शिकविता येणे.

तीन खुणा, तीन कामे

सामान्य व्यवहारात ‘कर्सर’ हा एकच शब्द तीन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. गोंधळाचे मूळ येथेच आहे.

पहिली खूण म्हणजे माउसचा बाण. हा हाताबरोबर फिरतो. तो एखाद्या चौकटीवर नुसता उभा असला म्हणून अक्षरे त्या चौकटीत उमटत नाहीत.

दुसरी खूण म्हणजे लिहिण्याच्या जागी लुकलुकणारी उभी रेघ. पुढचे अक्षर कोठे पडणार हे ती दाखविते. इंग्रजीत हिला ‘कॅरेट’ म्हणतात. निबंधाच्या वह्या तपासताना सुटलेला शब्द वर लिहून त्याखाली जे काकपद घालतात, त्याचेही इंग्रजी नाव हेच आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘उणे आहे’ असा आहे. काकपद जसे ‘येथे शब्द घालावयाचा’ असे सांगते, तसेच ही रेघ ‘येथे अक्षर येणार’ असे सांगते. शिक्षकाला ही उपमा सहज पटण्यासारखी आहे.

तिसरी खूण म्हणजे फोकस, अर्थात संगणकाचे लक्ष. दुवा, बटण किंवा चौकट यांपैकी ज्यावर हे लक्ष असते, त्याभोवती बहुधा एक कड दिसते. कळ दाबली असता ती याच वस्तूला लागू होते. माउसचा बाण पडद्याच्या एका टोकाला आणि फोकस दुसऱ्या टोकाला, अशी स्थिती नित्य असते.

कळांचा परिचय

‘टॅब’ ही कळ टंकलेखन यंत्रावरून आलेली आहे. तेथे ती रकान्यांत आकडे मांडण्यासाठी एका ठरावीक थांब्यावरून पुढच्या थांब्यावर नेत असे. ब्राउझरमध्येही तिचे काम थांब्यावरून थांब्यावर जाण्याचेच आहे. माउसचे पहिले मोठे जाहीर प्रात्यक्षिक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे केले. कळफलक त्याच्या पुष्कळ आधीचा आहे. तेव्हा कळफलकाने काम करणे ही अडचणीच्या वेळची तडजोड नव्हे, तो जुना व पक्का मार्ग आहे.

पुढील कळा प्रत्येक शिक्षकास अवगत असाव्यात :

‘टॅब’ : पुढच्या थांब्यावर जाणे. ‘शिफ्ट’ व ‘टॅब’ : मागच्या थांब्यावर येणे.
‘एंटर’ : दुवा उघडणे वा बटण दाबणे. ‘स्पेस’ : बटण दाबणे, चौकोनात बरोबरची खूण करणे, लक्ष पानावर असल्यास पान खाली सरकविणे.
बाणांच्या कळा : यादीतील वा वर्तुळांच्या गटातील पर्याय बदलणे, लक्ष पानावर असल्यास पान सरकविणे.
‘एस्केप’ : उघडलेली यादी वा छोटी खिडकी मिटविणे.
‘कंट्रोल’ व ‘एल’ : पत्त्याच्या पट्टीवर जाणे. ‘एफ ६’ : पट्टी व पान यांमध्ये लक्ष फिरविणे.
‘ऑल्ट’ व डावा बाण : मागील पानावर जाणे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वर्तुळांच्या गटात, उदाहरणार्थ ‘मुलगा / मुलगी’ अशा पर्यायांत, ‘टॅब’ एकाच वर्तुळावर थांबते आणि पुढच्या वेळी गटाबाहेर जाते. हा दोष नव्हे. गटाच्या आत फिरण्याचे काम बाणांचे आहे.

सर्वांत घातक चूक

पुढील चुकीकडे विशेष लक्ष वेधणे जरूर आहे, कारण ती घडते तेव्हा कोणताही इशारा मिळत नाही. अर्जातील यादीतून शिक्षक ‘इयत्ता चौथी’ निवडतो. यादी मिटते, पण फोकस त्या यादीवरच असतो. पान खाली सरकवावे म्हणून शिक्षक खालचा बाण दाबतो. पान हलत नाही, आणि यादीतील पर्याय मात्र निमूटपणे एक घर पुढे सरकतो. चौथीचे मूल कागदोपत्री पाचवीत जाते. प्रवर्ग, जन्ममहिना, बँकेचे नाव अशा प्रत्येक यादीत हे घडू शकते. आकड्याच्या चौकटीत बाण दाबला तर आकडा एकाने वाढतो वा घटतो, आणि अशा काही चौकटींत माउसचे चाक फिरविल्यानेही तसेच होते.

एका बाणाने मुलाच्या जन्मतारखेत किंवा प्रवर्गात चूक झाली, तर तिचे परिणाम शिष्यवृत्तीपासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत पोहोचतात, आणि दुरुस्तीसाठी पालकाला आपली मजुरी बुडवून खेपा घालाव्या लागतात. यास्तव दोन नियम कटाक्षाने पाळावेत. पर्याय निवडताच ‘टॅब’ दाबून यादीतून बाहेर पडावे. अर्ज सादर करण्यापूर्वी बाण अथवा चाक न वापरता, उजव्या कडेची सरकपट्टी माउसने ओढून पान वरपासून खालपर्यंत वाचावे व प्रवेशपुस्तकाशी ताडून पाहावे.

अडचणी, कारणे व उपाय

(१) वाचनाच्या पानावर लुकलुकणारी रेघ दिसते, आणि बाण दाबला असता पान न सरकता रेघच अक्षराक्षराने चालते.
कारण : ‘एफ ७’ ही कळ चुकून दाबली गेली. क्रोम, एज व फायरफॉक्स या तिन्ही ब्राउझरांत या कळेने कॅरेट ब्राउझिंग, म्हणजे रेघेच्या साहाय्याने पान वाचण्याची सोय, सुरू होते. प्रथम ब्राउझर संमती विचारतो; परंतु ‘पुन्हा विचारू नये’ अशी खूण कोणी करून ठेवली असल्यास ती सोय विचारणेशिवाय सुरू होते, आणि संगणक बंद करून लावला तरी तशीच राहते.
उपाय : ‘एफ ७’ पुन्हा दाबावी. काही लॅपटॉपवर तीबरोबर ‘एफएन’ कळही दाबावी लागते. क्रोममध्ये सेटिंगमधील सुगम्यतेच्या विभागातही ही सोय बंद करता येते. तथापि ही सोय निरुपयोगी नाही. माउसविना पाठातील उतारा निवडून त्याची नक्कल घेण्यास ती फार उपयोगी पडते.

(२) बाण किंवा ‘स्पेस’ दाबूनही काहीच होत नाही.
कारण : लक्ष पत्त्याच्या पट्टीत किंवा पानावरील एखाद्या लहान भागात अडकलेले आहे.
उपाय : ‘एस्केप’ दाबावी; नंतर ‘एफ ६’ दाबून लक्ष पानावर आणावे, किंवा पानाच्या मोकळ्या जागी एकदा क्लिक करावे.

(३) लिहीत असता रेघ उडी मारून भलत्या ओळीत जाते.
कारण : लॅपटॉपवर लिहिताना तळहाताचा वा अंगठ्याचा स्पर्श टचपॅडला होतो, आणि संगणक त्याला क्लिक समजतो.
उपाय : विंडोजच्या सेटिंगमध्ये टचपॅडची संवेदनशीलता कमी करावी. माउस जोडलेला असल्यास टचपॅड बंद राहील अशी निवडही तेथेच करता येते.

(४) आकडे उमटत नाहीत, रेघ मात्र इकडेतिकडे जाते.
कारण : कळफलकाच्या उजव्या बाजूच्या आकड्यांना ‘नम लॉक’ बंद असता बाणांचे व ‘होम’, ‘एंड’ यांचे काम लागते.
उपाय : ‘नम लॉक’ एकदा दाबावी.

(५) अक्षरे उमटण्याऐवजी भलत्याच आज्ञा होतात, अथवा कळ बराच वेळ दाबून धरल्याखेरीज अक्षर येत नाही.
कारण : विंडोजमध्ये ‘शिफ्ट’ पाठोपाठ ५ वेळा दाबली असता ‘स्टिकी कीज’ सुरू करण्याची विचारणा होते. ही सोय सुरू झाली की ‘शिफ्ट’ वा ‘कंट्रोल’ सोडून दिली तरी पुढच्या कळेपुरती दाबलेलीच समजली जाते. उजवी ‘शिफ्ट’ ८ सेकंद धरून ठेवली असता ‘फिल्टर कीज’ येते व अल्पकाळ दाबलेल्या कळा दुर्लक्षिल्या जातात. या सोयी हाताच्या हालचालीवर पुरेसा ताबा नसलेल्यांसाठी आहेत. परंतु लहान मुले कळफलकावर हात टेकून उभी राहिली की त्या अनवधानाने सुरू होतात.
उपाय : त्याच कृतीची पुनरावृत्ती केली असता सोय बंद होते.

(६) ‘टॅब’ दाबली जाते, पण लक्ष कोठे गेले ते दिसत नाही.
कारण : संकेतस्थळ तयार करणाऱ्याने फोकसची कड काढून टाकली आहे.
उपाय : पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहावे. लक्ष दुव्यावर असता त्या दुव्याचा पत्ता तेथे दिसतो. क्रोमच्या सुगम्यता विभागात लक्ष असलेली वस्तू क्षणभर उठावदार दाखविण्याची सोय आहे. ती चालू करावी.

(७) ‘टॅब’ एकाच भागात फिरत राहते, बाहेर पडता येत नाही.
कारण : यास कळफलकाचा सापळा म्हणतात. दोष संकेतस्थळाचा असतो.
उपाय : ‘एस्केप’, नंतर ‘एफ ६’, नंतर ‘कंट्रोल’ व ‘एल’ या क्रमाने प्रयत्न करावा. सुटका झाल्यावर पानाचा पत्ता व अडकण्याची जागा लिहून संबंधित कार्यालयास कळवावे.

(८) पासवर्ड बरोबर असूनही चूक ठरतो.
कारण : कळफलक मराठीवर आहे, अथवा ‘कॅप्स लॉक’ चालू आहे. पासवर्ड ठिपक्यांनी झाकलेला असल्यामुळे हे दिसत नाही.
उपाय : पडद्याच्या तळाशी उजवीकडे असलेली भाषेची खूण पाहावी, विंडोजची कळ व ‘स्पेस’ एकत्र दाबून भाषा बदलावी.

(९) कळा न दाबताही पान आपोआप सरकते वा एकच अक्षर सारखे उमटते.
कारण : खडूची पूड व धूळ यांमुळे कळ रुतलेली आहे.
उपाय : कळफलक वेगळा असल्यास संगणक बंद करून तो काढावा, उपडा करून हलकेच झटकावा व मऊ ब्रशाने साफ करावा. फळ्याजवळ संगणक ठेवू नये.

दोष कोणाचा, हे ठरविण्याची कसोटी

वरील यादीत न बसणारी अडचण आल्यास तीन पायऱ्यांनी शोध घ्यावा. प्रथम त्याच ब्राउझरमध्ये दुसरे पान उघडून तीच कृती करावी. तेथे अडचण नसेल तर दोष त्या पानाचा. तेथेही असेल तर दुसरा ब्राउझर उघडावा. तेथे नसेल तर दोष पहिल्या ब्राउझरच्या सेटिंगचा वा त्यास जोडलेल्या एक्स्टेन्शनचा. दोन्हींकडे असेल तर नोटपॅड उघडून लिहून पाहावे. तेथेही तेच घडल्यास कळफलक वा विंडोजची सेटिंग तपासावी. गणितातील चूक शोधताना शिक्षक जसा एकेक पायरी मागे जातो, तशीच ही रीत आहे. यंत्र दुरुस्तीस पाठविण्याचा विचार या तिन्ही पायऱ्या झाल्यावरच करावा.

देवनागरी लिहिताना

मराठीत लिहिताना येणारी एक अडचण इंग्रजीत येत नाही. ‘कि’ या अक्षरात पहिली वेलांटी डोळ्यांना डावीकडे दिसते. परंतु संगणक प्रथम ‘क’ व नंतर वेलांटी अशा उच्चारक्रमाने ती साठवितो. १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावरही याच क्रमाने लिहावे लागते. म्हणून रेघ ‘कि’च्या उजवीकडे असता ‘बॅकस्पेस’ दाबली तर केवळ वेलांटी पुसली जाते व ‘क’ राहतो. रेघ डावीकडे असता ‘डिलीट’ दाबली तर विंडोजवरील बहुतेक ब्राउझरांत पूर्ण ‘कि’ जाते. नावातील ऱ्हस्वदीर्घ सुधारावयाचे असल्यास रेघ अक्षराच्या उजवीकडे नेऊन ‘बॅकस्पेस’च वापरावी. जोडाक्षरावरून बाणाने जाताना रेघ कोठे पूर्ण जोडाक्षर ओलांडते, तर कोठे मध्येच थांबते. त्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

याच कळेविषयी आणखी एक गोष्ट. पूर्वी क्रोममध्ये लक्ष चौकटीबाहेर असता ‘बॅकस्पेस’ दाबली की मागचे पान उघडे आणि अर्धा भरलेला अर्ज वाया जाई. २०१६ साली क्रोममधून ती रीत काढून टाकण्यात आली. शाळेत जुना संगणक व जुना ब्राउझर असल्यास मात्र सावध राहावे.

ज्यांना माउस वापरताच येत नाही

माउसचा बाण पाहण्यासाठी दृष्टी लागते व तो नेमका थांबविण्यासाठी हात स्थिर लागतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यास किंवा हात कापणाऱ्या विद्यार्थ्यास कळफलक हाच ब्राउझरचा दरवाजा होय. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, आणि त्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठीही आहे. ते चालू असता वाचनाच्या पद्धतीत अक्षरकळांना वेगळे काम लागते : ‘एच’ दाबली की पुढचे शीर्षक, ‘के’ दाबली की पुढचा दुवा. डोळस शिक्षकास वाटते की अक्षरेच उमटत नाहीत. तसे नसून लिहिण्याची पद्धत सुरू करावयाची असते. ‘इन्सर्ट’ व ‘स्पेस’ एकत्र दाबल्याने हा बदल होतो. विंडोजमधील नॅरेटर चुकून बोलू लागल्यास विंडोजची कळ, ‘कंट्रोल’ व ‘एंटर’ या तिन्ही एकत्र दाबाव्यात.

संकेतस्थळावरील प्रत्येक काम कळफलकाने करता यावे आणि कोठेही सापळा नसावा, ही अट डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेच्या २००८ सालच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत घातलेली आहे. आपल्या देशातही दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ अन्वये माहितीची साधने सर्वांना वापरता येतील अशी करणे हे शासनाचे कर्तव्य ठरले आहे. म्हणून सापळा आढळला असता कळविणे ही तक्रारखोरी नव्हे. ज्या मुलास तेथून सुटण्यासाठी माउसचा आधार घेता येणार नाही, त्याच्या वतीने केलेले ते काम आहे.

वर्गपाठ : इयत्ता पाचवी, वेळ ३५ मिनिटे

साहित्य : खडू, फळा, एक संगणक.

पूर्वतयारी : अंगणात ठिकरीच्या खेळासारखी सहा घरे आखावीत. घरांत अनुक्रमे ‘पत्ता’, ‘नाव’, ‘इयत्ता’, ‘मुलगा / मुलगी’, ‘गाव’ व ‘सादर करा’ असे लिहावे.

विषयप्रतिपादन : एका विद्यार्थ्यास पहिल्या घरात उभे करावे, हा फोकस. दुसऱ्याच्या हाती लांब काठी द्यावी; हा माउसचा बाण. शिक्षकाने ‘टॅब’ म्हणताच पहिल्याने पुढच्या घरात व ‘शिफ्ट टॅब’ म्हणताच मागच्या घरात जावे. काठीवाल्याने मात्र हवी तेथे काठी फिरवावी. मधेच विचारावे : “आता अक्षर लिहिले तर ते कोणत्या घरात पडेल?” काठीकडे बोट दाखविणाऱ्या मुलांची चूक इतर मुलांकडूनच दुरुस्त करून घ्यावी. ‘इयत्ता’ या घरात ‘खालचा बाण’ अशी आज्ञा देऊन काय बदलेल हेही विचारावे.

उपयोजन : नंतर माउस काढून ठेवून प्रत्येक विद्यार्थ्याने संगणकावर तीन थांबे पुढे, दोन थांबे मागे जावे व एक दुवा उघडून ‘ऑल्ट’ व डावा बाण वापरून परत यावे. हात अधू असलेल्या विद्यार्थ्यास स्वतःच्या गतीने करू द्यावे. त्याच्याऐवजी दुसऱ्याने कळ दाबू नये.

दृढीकरणाचे प्रश्न : (१) माउसचा बाण व फोकस यांत भेद कोणता? (२) यादीतून पर्याय निवडल्यावर प्रथम कोणती कळ दाबावी व का? (३) ‘कि’चा ‘की’ करावयाचा असल्यास रेघ कोठे ठेवावी?

समारोप

प्रत्येक शाळेने संगणकाशेजारी एक वही ठेवावी. अडचणीची तारीख, लक्षण, त्या वेळी लक्ष कोठे होते व कोणत्या उपायाने ती दूर झाली, अशा चार रकान्यांत नोंद करावी. केंद्रावरील शिक्षण परिषदेत या वह्या एकत्र वाचल्यास एका शाळेचा अनुभव दहा शाळांच्या कामी येईल. ज्या शिक्षकाला संगणकाचे लक्ष कोठे आहे हे पाहण्याची सवय लागली, त्याच्या हातून मुलांच्या नोंदी बिनचूक राहतील. आणि त्याच्या वर्गातील जे मूल माउस धरू शकत नाही, तेही इतरांबरोबर तेच पान वाचू शकेल.